खडेमीठ दुकानात ठेवायचं की नाही?

आगरातली सून:
पेणजवळ आमचं किराणा दुकान आहे. चुलत सासऱ्यांचं मिठागर. हंगामात त्यांचं खडेमीठ दुकानाच्या पायरीवर गोणीत उघडं असतं. लोक लोणच्याला, मासे खारवायला नेतात आणि खरं सांगते, बऱ्याच घरांत रोजच्या कालवणातही तेच पडतं. परवा तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी गोणी पाहून सांगितलं, "खाण्यासाठी हे विकायला बंदी आहे." लेखी काहीच दिलं नाही. सासरे रात्रभर झोपले नाहीत. म्हणतात, आजोबांपासून हेच खाल्लं, कुणाला काय झालं? खरंच बंदी आहे का? समुद्राच्या मिठात आयोडीन नसतं का? आणि गोणी आत नेली तर काकांनी मीठ द्यायचं कुणाला?

निवृत्त आरोग्यसेविका:
ताई, बंदी खरी आहे. थेट खाण्यासाठी मीठ विकायचं तर ते आयोडीनयुक्तच हवं. केंद्राने २००० साली ही सक्ती उठवली होती. त्यानंतर आयोडीनवालं मीठ वापरणारी घरं कमी झाली आणि मे २००६ मध्ये ती पुन्हा आली. पण त्याच नियमात सूट आहे: साधं मीठ टिकवणुकीसाठी, जनावरांसाठी, उद्योगासाठी आणि आयोडीन मिसळणाऱ्या कारखान्यांना विकता येतं, लेबल लावून. म्हणजे लोणच्याचं नि खारवायचं मीठ बंद पाकिटात, त्यावर तसं छापून ठेवता येईल. उघडी गोणी मात्र उचला. कालवणासाठी कोण नेतंय हे तुम्हाला कळणार कसं?

समुद्राच्या पाण्यात आयोडीन असतं, पण वाफ्यात मीठ धरेपर्यंत नावापुरतंच उरतं. तुमच्याकडे ते पोटात जातं ते मासळीतून. सासऱ्यांना काही झालं नाही, ते बहुधा त्यामुळे. पण तेच मीठ घाट चढून गेलं की खाणाऱ्याच्या ताटात मासा नसतो.

माझी नोकरी सातपुड्यात झाली. एका बाईंचा गळा लिंबाएवढा सुजलेला, त्यांची धाकटी मुलगी सहा वर्षांची होऊनही बोलत नव्हती. ती मुलगी अजून डोळ्यांसमोर येते. गरोदरपणात आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि नंतर कितीही औषध दिलं तरी ती भरून निघत नाही. गलगंड निदान दिसतो तरी.

मीठच का निवडलं, तर गरीब असो की श्रीमंत, रोज साधारण सारखंच खातो. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामींनी तीन भाग करून पाहिलं. दोन भागांना आयोडीनचं मीठ, एकाला साधं. पहिल्या दोन भागांतल्या मुलांचा गलगंड झपाट्याने कमी झाला. त्यावरूनच १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर बाईला २५०. मिसळायचा खर्च किलोमागे काही पैसे, मिठावर जीएसटी शून्य, रेल्वेने वाहतुकीत आयोडीनयुक्त मिठाला प्राधान्य. नुसती बंदी घालून भाव वाढला असता तर गरिबाने पुन्हा साधंच मीठ शोधलं असतं.

वडाळ्याचा नातू:
माझे आजोबा १९३० साली वडाळ्याच्या सत्याग्रहात होते. मिठावर सरकारचा हात पडला की मला त्रास होतो. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा नियम कायद्याच्या चौकटीबाहेरचा ठरवला होता ना?

निवृत्त आरोग्यसेविका:
दादा, तुमच्या आजोबांना नमस्कार. न्यायालयाचं म्हणणं असं होतं की साधं मीठ अपायकारक नाही, म्हणून अन्नभेसळीच्या जुन्या कायद्याखाली त्यावर बंदी घालता येत नाही. पण सार्वजनिक आरोग्यासाठी सहा महिने नियम चालू ठेवायची मुभाही दिली आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून नव्या अन्नसुरक्षा नियमांत तीच अट आली. १९३० मध्ये सरकार गरिबाच्या मिठातून महसूल काढत होतं, इथे पैसाही काढत नाही. मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ गुजरातचं. मिसळणीचं यंत्र मोठ्यांना परवडतं. पेण-उरणच्या आगरवाल्याला नियम सांगायला माणूस येतो, तसा यंत्र द्यायलाही यायला हवा.

ताई, आशाताईंकडे तपासणीचा संच असेल. चिमूटभर मिठावर थेंब टाकून बघा, आयोडीन असेल तर जांभळं होतं.

आगरातली सून:
बघितलं. ओट्यावर दोन बशा ठेवल्या. पाकिटाच्या मिठावर थेंब पडताच जांभळा डाग आला. काकांचं मीठ पांढरंच राहिलं. सासरे चष्मा लावून बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, परत टाक. पुन्हा पांढरंच.

जावेला पाचवा महिना आहे. तिच्या घरच्या बरणीतलं मीठ आजच बदललं. झाकण घट्ट लावून चुलीपासून लांब ठेवायला आशाताईंनी सांगितलंय, दमटपणाने आयोडीन उडतं म्हणे. गोणी आत नेली. लोणच्याच्या मिठासाठी लेबलं छापायला टाकली आहेत. रविवारी काका आजूबाजूच्या चार आगरवाल्यांना घेऊन येणार आहेत. सगळ्यांनी मिळून मिसळणीचं एक यंत्र घ्यायचं तर अर्ज कुठे करावा लागतो, कुणाला माहीत असेल तर सांगा.