मिलेच्या 'ग्लीनर्स'ची तैलरंगातली प्रत: एप्रिलमध्ये सुरू करून पोळ्याला टांगता येईल का?

धरमपेठकर:
ज्याँ-फ्रान्स्वा मिलेचं १८५७ चं 'द ग्लीनर्स', म्हणजे सरवा वेचणाऱ्या तिघी, हाताने रंगवून द्यायचं आहे. बियाण्यांच्या दुकानामागच्या बैठकीत लागेल. भिंतीवर २४ × ३२ इंच बसतं. पोळ्याला टांगायचं ठरलंय, म्हणजे रंगकाम नागपूरच्या उन्हाळ्यात आणि वाळवण पावसाळ्यात. तयार कॅनव्हास चालेल का? नेटवरच्या दहा फोटोंत दहा प्रकारचा पिवळा दिसतो, त्यातला कोणता धरायचा? आणि वॉर्निश कधी करायचं?

पाचर_आणि_चौकट:
आधी माप. मूळ चित्र सुमारे ८३.५ × ११० सेंमी आहे. तुमची उंची ६१ सेंमी धरली तर रुंदी ८०.४ येते, आणि ३२ इंच म्हणजे ८१.३. हे नऊ मिमी भरायला चित्र आडवं ताणू नका, वाकलेल्या पाठींचा बाक लगेच बिघडतो. दोन्ही बाजूंना साडेचार मिमी जमीन आणि आकाश तसंच पुढे न्या. फ्रेमच्या खाचेत ते झाकलं जातं.

तयार कॅनव्हास या मापाला घेऊ नका. त्याच्या पट्ट्या बारीक आणि बहुधा ओल्या लाकडाच्या असतात, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की लांब बाजू आत वाकते. मुरलेल्या लाकडाची दीड इंची पट्टी घ्या, मध्ये एक आडवी पट्टी टाका, आणि चारही कोपऱ्यांत मिळून आठ पाचरी ठेवायला सांगा. कोपरे खिळ्यांनी पक्के केलेले नकोत. जुलैत कापड सैल पडलं की पाचर हलकीच ठोकून ताण परत आणता येतो. कापड १० ते १२ औंसाचं सुती चालेल. सरसाचं अस्तर नको. पावसाळ्यात सरस ओल ओढून फुगतो, ऊन पडलं की आक्रसतो, आणि तडे तिथूनच सुरू होतात. त्याऐवजी अॅक्रिलिक जेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन पातळ हात द्या, एक आडवा, एक उभा, परत आडवा, आणि प्रत्येक हात वाळल्यावर ३२० नंबरचा पेपर हलका फिरवा.

चित्र उतरवायला फोटोवर आणि कॅनव्हासवर सारखीच चौकोनांची जाळी आखा, रुंदीत आठ आणि उंचीत सहा घरं. कॅनव्हासवर प्रत्येक घर साधारण १० सेंमीचं येतं. हात आणि रुमालांच्या घरांना आणखी चार भागांत तोडा. पेन्सिल नको, पातळ रंगाखालून ग्रॅफाइट काही वर्षांनी वर दिसू लागतं. कोळशाने काढा, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रॉ अंबरने (मातकट तपकिरी रंगाने) रेषा पक्क्या करा आणि कोळसा झटकून टाका.

गेरू_ओकर:
पिवळ्याच्या शोधात अडकू नका, आधी उजेड-अंधार पकडा. व्हॅन गॉगने १८८९-९० मध्ये सेंट-रेमीत मिलेच्या चित्रांच्या प्रती केल्या त्या बहुतेक एकरंगी छापांवरून. रंग त्याने स्वतःचे घातले, तरी आकृत्यांचं वजन मिलेचंच राहिलं. तुम्हीही फोटो काळा-पांढरा करून १२ × १६ इंचांवर फक्त अंबर आणि पांढऱ्यात एक अभ्यास करा. रंगासाठी पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयाच्या साइटवरचाच फोटो धरा, चित्र तिथेच आहे.

या चित्राचा जीव मावळतीच्या तिरप्या उजेडात आहे. तो मान, खांदे, पाठ आणि हात उचलून धरतो. चेहरे सावलीत जवळजवळ बुजलेले आहेत. चेहऱ्यांवर नाक-डोळे कोरायचा मोह झाला की चित्र संपलं. डावीकडच्या बाईचा पाठीमागे दुमडलेला हात मात्र नीट अभ्यासा, वेचलेल्या लोंब्या त्या हातात आहेत. वाकणं, उचलणं, पुन्हा उठणं हे एकच काम तिघींत वाटलेलं आहे. मागच्या गंजी, गाडी आणि घोड्यावरचा मुकादम धुळीत विरघळलेले ठेवा. तिथे गडद काळा अजिबात नको आणि कडा ओल्यातच मऊ करा. मागचं टोकदार झालं की पुढच्या तिघी कागदातून कापून चिकटवल्यासारख्या दिसतात.

रंग कमीच ठेवा: यलो ओकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, अल्ट्रामरीन, कॅडमियम रेड लाइट, आयव्हरी ब्लॅक, टायटॅनियम व्हाइट. टायटॅनियम थंड आणि जोरकस आहे, आकाशात त्यात थोडा ओकर मिसळूनच वापरा. ट्यूबवर 'ह्यू' (म्हणजे मूळ रंगद्रव्याऐवजी पर्यायी) लिहिलेला लाल टाळा. पहिला थर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रंगाचा, नंतरच्या थरांत जवसाचं तेल वाढत जाऊ द्या. अंबर लवकर वाळतो, ब्लॅक सावकाश. ओल्या काळ्यावर अंबर चढवला तर वरचा थर फाटणारच.

खसची_ताटी:
पोळ्याला टांगता येईल, पक्कं वॉर्निश मात्र तेव्हा नाही. मे महिन्यात रंगाची वरची साय दोन-तीन दिवसांत धरते, आत तो ओलाच असतो. त्यावर जाड थर दिला की सुरकुत्या पडतात. थर पातळ ठेवा, नखाने दाबून बघा, मगच पुढचा द्या. कॅनव्हास कूलरच्या झोतात ठेवू नका: ओल, धूळ आणि खसची काडी सगळं ओल्या रंगावर बसतं. शेवटचा हात जूनच्या पहिल्या आठवड्यात संपवा.

अंबरचे भाग तेल आत ओढून मळकट, निस्तेज दिसतील. ऑगस्टमध्ये रिटच वॉर्निशचा (अखेरच्या वॉर्निशआधीच्या हलक्या, तात्पुरत्या वॉर्निशचा) एकच पातळ हात द्या आणि चित्र टांगा. अखेरचं वॉर्निश सहा महिन्यांनी, म्हणजे डिसेंबरच्या कोरड्या हवेत. पावसाळ्यात केलं तर पांढुरका धूसर पडदा येतो. समोर काच नको. मागे खालच्या दोन कोपऱ्यांना सेंटीमीटरभर जाड बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंतीची ओल कापडाला लागणार नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून डब्यात ठेवू नका, त्या आपोआप पेटतात आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात धोका जास्तच. पाण्याने भरलेल्या झाकणाच्या टिनात टाका.

धरमपेठकर:
सगळं टिपून घेतलं. रेखाटनाला प्रोजेक्टर चालेल का? आणि याच बैठकीसाठी पुढे चित्रकार नंदलाल बोसांच्या हरिपुरा मालिकेतलं (काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनासाठी केलेल्या चित्रांतलं) शेतकामाचं एखादं चित्र करून विकलं तर?

पाचर_आणि_चौकट:
प्रोजेक्टर जरा तिरका लागला तरी कडेची माणसं लांबट होतात. वापरायचाच तर जाळीच्या चारही कोपऱ्यांशी जुळवून घ्या आणि हात, पाय डोळ्यांनी पुन्हा काढा. हरिपुराची चित्रं १९३८ ची, पण नंदलाल १९६६ मध्ये गेले. आपल्याकडे स्वामित्वहक्क मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे २०२६ संपेपर्यंत. तोवर विकायचं असेल तर परवानगी लागेल. मिले १८७५ मध्ये वारले, तिथे अडचण नाही. फक्त त्यांची सही उतरवू नका; मागच्या पट्टीवर मूळ चित्रकार, मूळ साल, तुमचं नाव आणि 'प्रत' एवढं न पुसणाऱ्या शाईने लिहा.