५.५६×३० की ५.५६×४५? आखूड नळीची कार्बाइन तोलायची कशी

रानवारा
जेव्हीपीसी, म्हणजे जॉइंट व्हेंचर प्रोटेक्टिव्ह कार्बाइन, आणि लष्कराची नवी सीक्यूबी (क्लोज क्वार्टर बॅटल, जवळच्या लढाईची) कार्बाइन, दोन्हींचं डिझाइन पुण्याच्या एआरडीईचं, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेचं. पहिलीचं काडतूस ५.५६×३०, दुसरीचं नेहमीचं ५.५६×४५ (पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा पुंगळीच्या लांबीचा, दोन्ही मिमीत). सव्वाचार लाखांहून जास्त कार्बाइनच्या खरेदीत २०२५ साली सर्वात कमी दर भारत फोर्जचा निघाला, ती ही ५.५६×४५ वाली. मग मुळात वेगळं काडतूस काढलंच कशाला? आणि अशा दोन कार्बाइन शेजारी ठेवल्या तर तुलना नेमकी कशावर करायची? वजन, लांबी आणि मिनिटाला गोळ्या एवढंच सगळीकडे छापून येतं. त्यावरून काहीच कळत नाही.

पाषाणरोड
काडतूस आणि नळीची लांबी वेगवेगळी निवडता येत नाही, सगळी गोम तिथेच आहे.

५.५६×४५ मधली दारू २० इंची नळी डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली. एम८५५ ही नाटोची नेहमीची ५.५६×४५ गोळी २० इंची नळीतून सेकंदाला साधारण ९४८ मीटर वेगाने सुटते, अमेरिकन लष्कराच्या १४.५ इंची एम४ कार्बाइनमधून ९०० च्या थोडी वर आणि १०.३ इंची नळीतून ८०० च्या आसपास. गोळी ४ ग्रॅमची, म्हणजे ऊर्जा १८०० ज्यूलवरून १२८० वर आली. ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते, म्हणून वेग १६ टक्के घटला तरी ऊर्जा २९ टक्के जाते. रशियन एकेएस-७४यू मध्ये हेच दिसतं. पूर्ण एके-७४ ची नळी ४१५ मिमी आणि वेग ९००, आखूड केली तेव्हा नळी २०६.५ मिमी आणि वेग ७३५. ३.४३ ग्रॅमच्या गोळीची एक तृतीयांश ऊर्जा गेली. शिवाय मंदावलेली गोळी स्थिर राहावी म्हणून नळीतला पीळही २०० मिमीवरून १६० मिमीला एक फेरा असा घट्ट करावा लागला.

नळीत जळायची राहिलेली दारू तोंडाबाहेर जळते. रात्री बंद खोलीत तोच भपका डोळे दिपवतो आणि आवाज १६० डेसिबलच्या वर जातो. कानाला इजा होण्याची मर्यादा १४० धरतात. भिंती आवाज परत फेकतात ते वेगळंच.

जेव्हीपीसीत उलट बाजूने सुरुवात केली: आधी नळी ३०० मिमी धरली आणि तेवढ्यात जळून संपेल एवढीच दारू काडतुसात ठेवली. म्हणून तीन किलोच्या हत्यारात झटका कमी आणि एका हाताने फैर झाडता येते.

दुसरं कारण फार कुणी सांगत नाही. जेव्हीपीसीचं मॅगझिन पिस्तुलासारखं मुठीतून आत जातं. ५.५६×४५ चं अख्खं काडतूस ५७ मिमीहून लांब. तेवढी खोल मूठ कुठल्याही माणसाच्या पंजात मावणार नाही. काडतूस आखूड झालं म्हणून मॅगझिन मुठीत आलं, आणि मॅगझिन मुठीत आलं म्हणून मिटलेल्या दस्त्यासह हत्यार गाडीत आडवं धरता येतं. अंधारात मॅगझिन बदलतानाही एक हात दुसऱ्या हाताला न बघता सापडतो.

चकमक
वरचं सगळं मान्य, पण ताळेबंदाची दुसरी बाजूही लिहा. ५.५६×३० खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत बनतं आणि हत्यार कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत. ज्या तुकडीत बाकीच्यांच्या हातात ५.५६×४५ आहे, तिथे कार्बाइनवाल्याच्या गोळ्या संपल्या की शेजाऱ्याच्या पट्ट्यातलं काडतूस त्याच्या काही कामाचं नाही. हा वाद फक्त आपला नाही. बेल्जियमच्या एफएन पी९० चं ५.७×२८ आणि जर्मनीच्या एमपी७ चं ४.६×३० ही दोन्ही काडतुसं एकाच गरजेतून जन्मली: रणगाड्याचा चालक, तोफखान्याचे जवान, यांना ९ मिमी पिस्तुलाच्या गोळीपेक्षा चिलखतभेदी आणि रायफलपेक्षा लहान हत्यार हवं होतं. कसोटीचं लक्ष्य ठरलं १.६ मिमी टायटॅनियमचा पत्रा आणि मागे केवलारचे २० थर. दोन्ही गोळ्या ते भेदतात. तरी दशकानुदशकं बहुतेक सैन्यांनी आखूड नळीची ५.५६×४५ रायफलच घेतली, कारण गोदामात एक काडतूस वाढवणं हे एक हत्यार वाढवण्यापेक्षा महाग पडतं.

माझं मत स्पष्ट आहे. अंगरक्षक, विमानतळ, शहरी पोलीस यांना ५.५६×३० शोभतं. त्यांचा साठा एका जागी असतो आणि अंतर ५० मीटरच्या आत. जेव्हीपीसी गृहमंत्रालयाच्या चाचण्या पास झाली, लष्करी वापरकर्त्यांच्या चाचण्यांचा शेवटचा टप्पा ७ डिसेंबर २०२० ला पार पडला, उन्हाळ्यातला तडाखा आणि थंडीतली उंची दोन्ही झाली. हत्यारात खोट नाही. पायदळाला मात्र एकच काडतूस हवं आणि त्यात लष्कराचं चुकलेलं नाही.

रानवारा
धन्यवाद, चित्र स्पष्ट झालं. मग आखूड नळीच्या ५.५६×४५ मध्ये वेग सोडून आणखी काय बिघडतं? आणि "एकही अडथळा न येता ५०० फैरी" असे दावे असतात ते कितपत धरायचे?

गणिती
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. एकही अडथळा न येता क्ष फैरी झाल्या, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की अडथळ्याचा दर ३ भागिले क्ष पेक्षा कमी आहे. ५०० स्वच्छ फैरींचा अर्थ "दर १६७ फैरींत एकापेक्षा कमी", बस. १००० त एकापेक्षा कमी असं म्हणायचं असेल तर ३००० फैरी स्वच्छ जायला हव्यात. मध्ये एकच अडथळा आला तरी ३००० पुरत नाहीत, साधारण ४७५० लागतात. म्हणून दोनशे फैरींच्या व्हिडिओवरून "विश्वासार्ह" हा शिक्का मारू नये.

त्यातही ३००० फैरी एकाच नगावर घेऊ नयेत. पाच नगांवर सहाशे सहाशे घेतल्या तर एखादा वाईट नग उघडा पडतो. प्रत्येक अडथळ्यासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: मॅगझिनचा क्रमांक, काडतुसांचा लॉट, मागच्या सफाईपासूनच्या फैरी. सगळे अडथळे ४ नंबरच्या मॅगझिनवर आले तर दोष ओठ वाकलेल्या पत्र्याचा किंवा थकलेल्या स्प्रिंगचा असतो, शिव्या मात्र कार्बाइनला बसतात. ही नोंद नसलेला चाचणी अहवाल वाचण्यात वेळ घालवू नका.

वेग मोजताना क्रोनोग्राफ नळीच्या तोंडापासून तीन ते पाच मीटर दूर ठेवावा. आखूड नळीचा भपका जवळच्या सेन्सरला फसवतो आणि आकडे जास्त येतात. निदान १० फैरी, सरासरीबरोबर सर्वात कमी-जास्त वेगातलं अंतरही, आणि त्या वेळचं तापमान. जैसलमेरच्या दुपारी आणि लडाखच्या पहाटे एकच दारू एकसारखी जळत नाही.

पाषाणरोड
पहिल्या प्रश्नाबद्दल. गॅसवर चालणाऱ्या हत्यारात नळीच्या भोकातून थोडा गॅस काढून बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा सरकता भाग) मागे ढकलतात. नळी आखूड केली की भोक चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीच्या, जवळ येतं, तिथे दाब जास्त. आणि भोकानंतर गोळीला उरलेला प्रवास कमी, म्हणजे दाब टिकण्याचा वेळ कमी. एम४ मध्ये भोकापुढे साधारण सात इंच नळी असते, १०.३ इंचीत तीनही नाहीत. थोड्या वेळात काम उरकायचं म्हणून भोक मोठं ठेवतात, आणि मग बोल्ट गरजेपेक्षा जोरात मागे फेकला जातो.

त्याचे परिणाम असे. पुंगळी अजून चेंबरच्या भिंतीला चिकटलेली असतानाच एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे बोल्टवरचा आकडा, तिला ओढतो, कडेवर ओरखडा दिसतो, पुढे कड फाटते आणि पुंगळी आतच राहते. बोल्ट इतक्या वेगाने परत येतो की मॅगझिनची स्प्रिंग पुढचं काडतूस वेळेत वर देत नाही, चेंबर रिकामं राहतं. म्हणून फैरींचा वेग ध्वनिमुद्रणावरून मोजणं फार उपयोगी. नव्या हत्यारात मिनिटाला ७५० आणि दोन हजार फैरींनंतर ९०० आला तर भोक झिजून मोठं झालंय हे तुटायच्या आधी कळतं. पडलेल्या पुंगळ्या उचलून त्यांच्या कडा भिंगाखाली पाहा, तिथे सगळं लिहिलेलं असतं.

रशियनांनी एकेएस-७४यू च्या तोंडावर फुगीर नळकांडं लावलं ते दिसायला भपका झाकणारं, पण त्याचं मोठं काम आत दाब टिकवून यंत्रणा चालवण्याचं. ते काढलं की हत्यार अडखळतं.

सह्याद्री_टेक्सास
अमेरिकेतल्या वाचकांसाठी. इथे १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टखाली येते. २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून अशा रायफलींसाठी शून्य झाला, पण नोंदणी, बोटांचे ठसे आणि मंजुरी तशीच आहे. मंजुरी हातात येण्याआधी जोडणी करणं हा केंद्रीय कायद्याखालचा गुन्हा, "कर नाही म्हणजे परवानगीही लागत नाही" असं वाटून घेऊ नका. काही राज्यांत अशी रायफल मुळातच चालत नाही.

इथे आखूड नळीसाठी .३०० ब्लॅकआउट फार चालतं, २०११ साली प्रमाणित झालेलं. तर्क ५.५६×३० सारखाच: नऊ इंचांत दारू जळून संपते. बोल्ट आणि मॅगझिन ५.५६ चंच, आणि धोकाही तिथेच. ते काडतूस चुकून ५.५६ च्या चेंबरमध्ये गेलं आणि बोल्ट बंद झाला तर ७.८ मिमीची गोळी ५.७ मिमीच्या नळीत घुसते आणि रिसीव्हर फुटतो. दोन्ही जवळ असतील तर मॅगझिन वेगळ्या रंगाची, डबे वेगळ्या कपाटात, आणि रेंजवर एका वेळी एकच.

कलम_सहा
भारतातल्या वाचकांसाठी दोन ओळी. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ मध्ये परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे, परवाना असलेल्या बंदुकीचीसुद्धा. स्वयंचलित हत्यार तर प्रतिबंधित वर्गातलं. इथली चर्चा सरकारी दलांच्या हत्यारांची आहे, तेवढीच ठेवावी.

चकमक
तुलनेच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: नेमयंत्र नळीच्या किती वर. साधारण ६५ मिमी असतं. ५० मीटरला नेम जुळवला असेल तर ७ मीटरवर गोळी नेमयंत्रातल्या टिंबाच्या साधारण साडेपाच सेंटिमीटर खाली लागते. जवळच्या अंतराचं हत्यार म्हणून घेतलेल्या कार्बाइनवर हे ५, ७, १०, २५ आणि ५० मीटरवर कागदावर उतरवून घ्यायला हवं. आणि पुढे हात अडवणारा ठोकळा आहे का ते बघा. इतक्या आखूड हत्यारात घामेजलेला पंजा पुढे सरकला की बोटं थेट नळीच्या तोंडापुढे येतात.