संगणकाला ज्ञान भरवायचं की वाचायला शिकवायचं?

वाचनवेडा
१९८४ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डग्लस लेनाट यांनी ‘सायक’ हा प्रकल्प सुरू केला. व्यवहारज्ञानातलं एकेक वाक्य माणसांनी बसून संगणकात भरायचं. दशकं उलटली, भरणं संपेना. २०१० च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने ‘नेल’ या संगणक-प्रोग्रामला रात्रंदिवस वेबपानं वाचायला बसवलं. शहर, खेळाडू, कंपनी अशा प्रत्येक प्रकाराची मोजकी उदाहरणं दिली, बाकीची त्याने शोधायची. मला हाच मार्ग पटतो. भरवून कोणी शहाणं होत नाही.

चिकित्सक
त्याच नेलने ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे वेबसाइट्स आपल्या संगणकात ठेवतात त्या छोट्या नोंदी, बेकरीच्या पदार्थांत टाकल्या होत्या. मग लोक कुकीज ‘डिलीट’ करतात आणि फाइल्सही, म्हणून फाइल्सही बेकरीत गेल्या! एक चूक पुढच्या शिकण्याचा पाया झाली. याला वाचणं म्हणायचं?

वाचनवेडा
चूक झाली, मान्य. म्हणूनच तर माणसं अधूनमधून दुरुस्त्या करत होती. शिवाय जे शहर आहे ते माणूस असू शकत नाही, अशा अटींवर त्याचे निष्कर्ष एकमेकांशी ताडले जायचे. लहान मूलही शब्दांत फसतं, म्हणून त्याच्या हातातलं पुस्तक काढून घेतो का आपण?

पाटीपेन्सिल
मूल पुस्तकाआधी जग हाताळतं, हा फरक विसरू नका. ओला टॉवेल कोरड्यापेक्षा जड लागतो, हे कोण लिहून ठेवतं? लिहिलं जातं ते बहुधा वेगळं, नवलाचं. रोजचं गृहीत धरलेलं असतं. नुसतं वाचणाऱ्याला जग तिरपंच दिसणार.

चिकित्सक
माझी खरी तक्रार पुढची आहे. नेल निदान प्रत्येक गोष्ट कुठून घेतली आणि तिच्यावर किती भरवसा आहे, याची नोंद ठेवायचा. कुकीजची चूक पकडता आली, कारण ती उघड्यावर मांडलेली होती. आजची भाषा-मॉडेल्स, म्हणजे चॅटबॉटमागचे प्रोग्राम, पुढचा शब्द ओळखत शिकतात. वाचलेलं सगळं अब्जावधी आकड्यांत विरघळतं. अमुक वाक्य कुठल्या पानावरून आलं, हे त्या आकड्यांत बोट ठेवून दाखवता येत नाही. दहा ठिकाणी उतरवलेली एकच अफवा त्यांना दहा साक्षीदारांसारखी वाटू शकते.

वाचनवेडा
हा मुद्दा मला खोडता येत नाही. तरी हाताने भरण्याकडे परत जाऊ नये, यावर मी ठाम आहे. वाचू द्या, पण कुठे वाचलं ते सांगायलाही लावा. उत्तर देताना मूळ मजकूर शोधून समोर ठेवणाऱ्या पद्धती आता आल्या आहेत, जोर तिथे हवा.

पाटीपेन्सिल
आणि ओल्या टॉवेलचं काय?