अनुभव धागा: एफ.वाय.ला सिद्धता कशी उमगली?

बारावी सायन्सला गणिताचा पहिलाच धडा तर्कशास्त्राचा. टी-एफचे (खरं-खोटंचे) तक्ते भरायचे, स्विचिंग सर्किट काढायचं, गुण हमखास. मग बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला फळ्यावर नुसतं 'सिद्ध करा' येतं आणि त्याखाली आकडेमोडीला काही नसतंच. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत ज्यांनी गणित घेतलं आहे त्या सगळ्यांना विचारतोय: कोणत्या विधानापाशी अडलात, आणि ते सुटलं कसं? 'भरपूर सराव करा' एवढंच लिहू नका, सरावात काय केलंत ते लिहा. आपल्याकडे विचारायला माणूस जवळ नसतो, म्हणून हे एका जागी हवं.

मी रत्नागिरीचा. मला 'जर-तर' पटत नव्हतं. 'जर'चा भाग खोटा असला की अख्खं विधान खरं, हे तक्त्यात भरत आलो होतो, पण का? सरांनी विचारलं, समज, तांडेल (होडीचा मुख्य खलाशी) म्हणाला, 'वारा सुटला तर होडी काढणार नाही.' त्यानं शब्द मोडला असं कधी म्हणशील? वारा सुटला आणि तरी होडी निघाली, तेव्हाच. वारा सुटलाच नाही, तर होडी निघो वा न निघो, तो खोटा पडत नाही. उपसंच म्हणजेही 'घटक पहिल्या संचात असेल तर तो दुसऱ्यातही असतो' असं जर-तरच. त्यानंतर रिक्त संच प्रत्येक संचाचा उपसंच का, हे एका ओळीत लिहिता आलं: दुसऱ्या संचाबाहेरचा म्हणून दाखवावा, असा एकही घटक रिक्त संचात नाही.

मालवण, एस.वाय.
माझं घोडं 'प्रत्येक' आणि 'एक तरी' यांच्या क्रमात अडलं. 'प्रत्येक नैसर्गिक संख्येपेक्षा मोठी अशी एक तरी नैसर्गिक संख्या असते' हे खरं. 'अशी एक नैसर्गिक संख्या आहे, जी प्रत्येक नैसर्गिक संख्येपेक्षा मोठी आहे' हे साफ खोटं. शब्द जवळजवळ तेच, फक्त जागा बदलल्या. लिमिटच्या व्याख्येत सगळा खेळ याचाच आहे. मी धाकट्या भावाला समोर बसवलं. १, १/२, १/३... ही पदं शून्याच्या हवी तितकी जवळ जातात, हे दाखवायचं होतं. तो एप्सिलॉन, म्हणजे कितीही लहान धन संख्या सांगणार, मग मी एन देणार, म्हणजे कितव्या पदापुढे सगळी पदं त्याहून लहान ते. त्याने ०.०१ म्हटलं की मी म्हणायचे, शंभराव्याच्या पुढचं कोणतंही पद घे, ते त्याहून लहानच. तो आणखी लहान संख्या सांगायचा. शेवटी म्हणाला, 'म्हणजे मी कायव सांगलंय तरी तुझ्याकडे उत्तर आसाच!' व्याख्या तेवढीच आहे. आधी तो बोलतो, मग मी. उलट केलं तर मला सगळ्या एप्सिलॉनना पुरेल असा एकच एन आधीच सांगावा लागेल, आणि तो नाही.

डहाणू, टी.वाय.
गणितज्ञ द. रा. कापरेकरांचा जन्म आमच्या डहाणूचा, १९०५ चा. त्यांचा ६१७४ सगळ्यांना माहीत असतो: चारही अंक सारखे नाहीत अशी चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढता क्रम वजा करा, असंच करत राहा, जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतो. एफ.वाय.ला मॅडमनी विचारलं, 'उदाहरणं बघून पटलं, पण सिद्ध झालं का?' आणि फळ्यावर एन वर्ग अधिक एन अधिक ४१ लिहिलं. एनला ० ते ३९ काहीही घाला, मूळ संख्याच मिळते. ४० घातलं की १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. चाळीस उदाहरणं जुळली आणि एकाने विधान पाडलं.

मग ६१७४ चं काय? उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड धरा. वजाबाकी येते ९९९(अ−ड) + ९०(ब−क). म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं! पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्या फरकापर्यंत, अशा जोड्या ५४ च. त्या सगळ्या वहीत सोडवल्या (९९९ आलं तर ०९९९ धरायचं) की सिद्धता पूर्ण. तिथेही आपण उदाहरणंच तपासतो, पण एकही बाहेर राहिलेलं नाही हे आधी दाखवलेलं असतं. हे हाताने करून पाहा, खरंच पाहा. मला गणितात पुढे जायचं ते त्या तक्त्यामुळे.

सावंतवाडी, निवृत्त शिक्षक
मुलांनो, नववीच्या भूमितीतलं पक्ष, साध्य, रचना, सिद्धता आठवा. कॉलेजातही पानाच्या वर पक्ष आणि साध्य लिहा, अर्धा गोंधळ तिथेच निवळतो. आणि मूळ संख्या अनंत आहेत, या युक्लिडच्या सिद्धतेत एक जागा जपा. मूळ संख्यांच्या गुणाकारात १ मिळवला की मूळ संख्याच मिळते, असं त्यात म्हटलेलं नाही. २×३×५×७×११×१३ + १ = ३००३१, आणि ते ५९×५०९ आहे. युक्लिड एवढंच सांगतो की त्या संख्येचा मूळ अवयव आपल्या यादीबाहेरचा असतो. ५९ आणि ५०९ दोन्ही बाहेरचेच आहेत.

दापोली, एफ.वाय.
रँग्लर परांजपे आमच्या तालुक्यातल्या मुर्डीचे, १८९९ चे सीनिअर रँग्लर (केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिले), हे शाळेपासून ऐकतोय. माझं सध्या असमानतांवर चाललंय. अ आणि ब या दोन धन संख्यांची सरासरी त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळापेक्षा लहान नसते, हे रफ पानावर शेवटाकडून सुरू करतो: दुप्पट, वर्ग, सगळं एका बाजूला, आणि (अ−ब) चा वर्ग उरतो. फेअर लिहिताना त्या वर्गापासून निघून खाली उतरतो, आणि प्रत्येक पायरी उलटही चालते का ते तपासतो. वर्गमूळ घेताना दोन्ही बाजू ऋण नाहीत हे लिहावंच लागतं.