काळ्या हातांचे अनुभव : स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करणाऱ्यांसाठी

गाडी चालवणारे पुष्कळ, बोनेट उघडून आत हात घालणारे थोडे. इंजिनाचा आवाज जरा बदलला तरी ज्यांना चैन पडत नाही, ज्यांच्या नखांच्या कडा कायम काळ्या असतात आणि ज्यांच्या पान्यांच्या पेटीला घरच्यांनी नावं ठेवून झाली आहेत, त्यांना हे आवताण. घरी कुठली कामं करता, कशी करता आणि कुठल्या कामाला मुद्दाम हात लावत नाही, ते लिहा. 'गॅरेजवाले लुटतात' हे सगळ्यांना पाठ आहे, त्याऐवजी कामाचं सांगा. मापं आणि आकडे असतील तर उत्तमच.

अट एकच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरण्याचे पराक्रम इथे नकोत. जॅकने गाडी उचलायची आणि मग स्टँडवर टेकवायची. ज्याच्याकडे स्टँड नाहीत त्याने गाडीखाली जाऊ नये, विषय संपला.

सुरुवात मीच करतो, पुढे प्रत्येक तारकेनंतर नवा माणूस लिहितो. इंजिन ऑइल बदलणं हे सगळ्यात सोपं काम समजलं जातं आणि ते आहेही, पण त्यातही खाचाखोचा आहेत. इंजिन थोडं चालवून ऑइल कोमट करून घ्यावं, म्हणजे ते पातळ होऊन मळासकट नीट उतरतं. कडकडीत गरम असताना बोल्ट काढला तर मनगटावर डाग पडतो. ड्रेन बोल्टचा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वायसर एकदा दाबला गेला की त्याचं काम झालं, म्हणून दर वेळी नवा घालतो. जुना फिल्टर काढल्यावर त्याचं रबरी रिंग त्याच्यासोबत आलं का, हे बोटाने चाचपून बघायचंच. ते इंजिनलाच चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर बसवला, तर इंजिन सुरू होताच दाबाखालचं ऑइल बाहेर फवारतं. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावायचं, फिल्टर टेकेपर्यंत हाताने फिरवायचा आणि मग पाऊण फेरा. घट्ट करायला पाना वापरायचा नाही.

'जाड ऑइल घाल, इंजिन टिकेल' असा सल्ला फुकट मिळतो. ५डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो आणि दुसरा १०० अंश सेल्सियसला त्याचा जाडपणा किती राहतो ते. नव्या इंजिनांत व्हॉल्व्हचं टायमिंगसुद्धा ऑइलच्या दाबावर बदलतं आणि त्यासाठीचे मार्ग अगदी अरुंद असतात. तेव्हा पुस्तिकेत लिहिलेलाच ग्रेड घाला. उतरलेलं ऑइल रिकाम्या कॅनमध्ये भरून पुनर्वापरासाठी द्यायचं. गटारात ओतणाऱ्यांशी माझं बोलणं नाही.

*

ब्रेकला घरी हात लावू नये असं म्हणतात. माझं मत उलटं आहे. ब्रेक महत्त्वाचे आहेत म्हणूनच मी ते स्वतः करतो, कारण घाईत असलेला माणूस जे सोडून देतो ते करायला माझ्याकडे अख्खी सकाळ असते.

पॅड बदलणं म्हणजे जुने काढून नवे घालणं एवढंच नाही. कॅलिपर, म्हणजे पॅडना डिस्कवर दाबणारा चिमटा, ज्या दोन पिनांवर सरकतो त्या बाहेर काढून, पुसून, ब्रेकसाठीचं सिंथेटिक किंवा सिलिकॉन ग्रीस लावून परत घालायच्या असतात. साधं खनिज ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन आणखी जाम होते. बाहेरचा पॅड जाड आणि आतला झिजून पत्र्याला टेकलेला दिसला, की पिन जाम आहे असं मी आधी धरतो. नवे पॅड घालून दोष तसाच ठेवला तर ते नवे पॅडही तसेच एका बाजूने जाणार. गॅरेजमधून 'ब्रेकचं काम झालंय' म्हणून आलेल्या एका गाडीच्या पिना मी पुढे उघडल्या, तेव्हा त्या हाताने हलतसुद्धा नव्हत्या.

कॅलिपर सुटला की तो होजवर, म्हणजे ब्रेकच्या रबरी नळीवर, लोंबकळू द्यायचा नाही, तारेने स्प्रिंगला टांगायचा. पिस्टन आत दाबताना वरच्या टाकीतली पातळी चढते, तिकडे डोळा ठेवायचा. ब्रेक फ्लुइड बाहेर सांडलं तर रंग खातं, लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. मागच्या चाकांना इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर पिस्टन बळाने दाबू नका. आधी गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरने तो सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो, नाहीतर आतली मोटर जाते. आणि चाकं लावून झाल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं. पहिल्या दाबाला ते सरळ खाली जातं, कारण पिस्टन पॅडपासून लांब असतो. हे गाडी उतारावर असताना कळण्यात मजा नाही.

फ्लुइडबद्दल थोडं. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रतींची ब्रेक फ्लुइडं हवेतला ओलावा शोषतात. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या अवस्थेत प्रमाणाची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब घाट उतरताना ब्रेक तापले की फ्लुइड उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल पोकळ लागतं. मी दर दोन वर्षांनी बदलतो. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते यांच्यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ वेगळं, ते पुन्हा ग्लायकोलचंच. ही नावं ज्याने ठेवली त्याला काय म्हणावं!

ब्लीडिंगला, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा बाहेर काढायला, माझी मुलगी पेडलवर बसते. 'दाब', 'धर', 'सोड' हे तीनच शब्द. कॅलिपरवरचं हवा सोडायचं निपल बंद व्हायच्या आत पाय उचलला तर हवा परत आत जाते हे तिला इतकं पक्कं कळलंय, की आता तीच मला विचारते, 'बाबा, बंद केलंस का? तोंडाने सांग.'

*

वरचं वाचून मला धीर आला, कारण माझं सगळं प्रेम विजेवर आहे. ऑइलने हात माखणं मला अजूनही आवडत नाही.

आमची गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की मरायची. गॅरेजने बॅटरी बदलून दिली, तरी तेच. अहोंचं म्हणणं, नवी बॅटरीच खराब निघाली. मी म्हटलं, आधी मोजू.

बॅटरीची ऋण तार काढून मल्टिमीटर मालिकेत लावला, दहा अँपिअरच्या खाचेत. दार उघडं असताना गाडीचे कॉम्प्युटर झोपत नाहीत, म्हणून कुलपाची जीभ स्क्रू ड्रायव्हरने फिरवून गाडीला 'दार बंद आहे' असं भासवलं आणि किल्ली लांब नेऊन ठेवली. मग अर्धा तास काहीही करायचं नाही. हल्लीच्या गाड्यांतले कॉम्प्युटर एकामागून एक झोपतात, त्याआधीचं वाचन निरर्थक. झोपलेल्या गाडीने साधारण ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी ओढायला हवं. आमची जवळजवळ ४०० ओढत होती. म्हणजे दिवसाला साडेनऊ अँपिअर-तास. ४५ची बॅटरी चार दिवसांत झोपणार, यात बॅटरीचा काय दोष?

पुढे फ्यूज एकेक उपटत बसू नका. फ्यूज काढून परत घातला की झोपलेला कॉम्प्युटर जागा होतो आणि सगळं मुसळ केरात. त्याऐवजी प्रत्येक फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या टिकल्यांवर मीटर टेकवून मिलिव्होल्ट बघायचे. ज्यातून प्रवाह जातोय तिथेच काहीतरी वाचन दिसतं. आमच्याकडे ते आतल्या दिव्यांच्या फ्यूजवर आलं. छताचे दिवे तर बंद. शेवटी मोबाइलचं व्हिडिओ चालू करून तो डॅशबोर्डच्या खणात ठेवला, झाकण बंद केलं, आणि व्हिडिओ बघितला तर आत लख्ख उजेड! खणाचा स्विच अडकला होता. पाच वॉटचा दिवा, बस्स.

मीटर घरात असावाच. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या आसपास दिसतं. १२ वरच राहिलं तर आधी बॅटरी भरणारा आल्टरनेटर आणि त्याच्या तारा तपासा. तार काढताना आधी ऋण, लावताना ऋण शेवटी. धन बाजूला लावलेला पाना बॉडीला टेकला तरी मग ठिणगी उडत नाही.

*

दहाचा बॉक्स पाना कुणाला सापडला तर कळवा. माझाच असेल. आठ, बारा, चौदा सगळे जागेवर आहेत.

*

माझी गाडी कार्ब्युरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायला कॉम्प्युटर नसलेली. ती चालू कमी आणि उघडी जास्त असते, असं घरी म्हणतात, खोटं नाही. पण ज्यांनी फक्त इंजेक्शनच्या गाड्या पाहिल्या आहेत त्यांना सांगतो, कानाने मिश्रण लावण्याची मजा दुसऱ्या कशात नाही. इंजिन पूर्ण तापू द्यायचं. आयडल, म्हणजे जागच्या जागी मंद चालणाऱ्या इंजिनाच्या, मिश्रणाचा स्क्रू हळूहळू आत घ्यायचा, इंजिन अडखळायला लागतं. मग तसाच हळूहळू बाहेर, फेरे वाढतात, गुळगुळीत होतात, आणि एका जागेनंतर पुन्हा जड होतात. या दोन टोकांच्या मधे ती जागा असते. प्रत्येक चतकोर फेऱ्यानंतर थांबून ऐकायचं, घाई करणाऱ्याला ती कधीच सापडत नाही. मात्र त्याआधी पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारा संपर्क, आणि ठिणगीचं टायमिंग बरोबर हवं. माझ्या गाडीत पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर, फीलर गेज किंचित अडकत सरकला पाहिजे. इग्निशनचा दोष कार्ब्युरेटरच्या माथी मारून लोकांनी चांगले कार्ब्युरेटर बदलले आहेत.

खरी परीक्षा स्पार्क प्लग देतो. फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलसर तेलकट म्हणजे पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल येतंय, पांढराफटक आणि फोड आलेला म्हणजे इंजिन फार तापतंय. प्लग इंजिन थंड असतानाच काढावा, आणि घालताना पहिले काही आटे बोटांनी. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की मग मोठं काम निघतं.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या मऊ होऊन तडकतात. जुनी गाडी पाळणाऱ्यांनी त्या पहिल्यांदा बदलाव्यात, बाकी हौस नंतर. गरम इंजिनावर ठिबकणारं पेट्रोल कुणाची हौस बघत नाही.

*

स्कॅनरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला ओबीडी-२, म्हणजे गाडीचे दोष कोडच्या रूपात वाचायची सोय, सक्तीची झाली, बाकी देश मागून आले, आणि त्यामुळे सोळा पिनांचं ते एकच सॉकेट आज जवळजवळ सगळ्या गाड्यांत सापडतं. छोटा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइल, एवढ्यावर काम भागतं.

पण कोड म्हणजे निदान नव्हे. पी०१७१ आला की लोक ऑक्सिजन सेन्सर विकत घेतात. कोड एवढंच सांगतो की मिश्रणात हवा जास्त आहे. माझ्याकडे तो आला तेव्हा मी फ्यूल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती जास्त पेट्रोल घालतोय ते, बघितलं. आयडलला वीस टक्क्यांच्या वर, आणि अडीच हजार फेऱ्यांना जवळजवळ शून्य. सेन्सर बिघडला असता तर असा फरक पडला नसता. छोट्या फटीतून येणारी हवा आयडलला एकूण हवेच्या मानाने मोठी असते, फेरे वाढले की ती नगण्य ठरते. म्हणजे इनटेकला, हवा इंजिनात जाते त्या मार्गाला, कुठेतरी चोरवाट. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं मॅनिफोल्डभोवती फिरवलं, डॉक्टर छाती तपासतो तसं. ब्रेक बूस्टरकडे जाणाऱ्या होजच्या वळणावर फुसकारा ऐकू आला. सेन्सर आजही जुनाच आहे.

कोड पुसून टाकण्याआधी फ्रीझ फ्रेम लिहून ठेवा. दोष आला त्या क्षणी वेग, फेरे, तापमान काय होतं ते त्यात असतं, आणि कोडसोबत तेही पुसलं जातं.

*

सगळ्यांचा उत्साह बघून थोडं थंड पाणी ओततो. बाकी खूप करतो, पण तीन गोष्टींना हात लावत नाही. स्ट्रटवरची, म्हणजे चाकाच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवरची, स्प्रिंग, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो आणि स्प्रिंग दाबून धरणाऱ्या स्वस्त कॉम्प्रेसरवर माझा भरवसा नाही. एअरबॅग, म्हणजे पिवळ्या कनेक्टरचं काहीही. आणि एसीचा गॅस, कारण तो गोळा करायचं यंत्र माझ्याकडे नाही आणि हवेत सोडणं मला पटत नाही. डिझेलवाल्यांनी चौथी गोष्ट जोडावी: इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या कॉमन रेल नळीमध्ये दाब २००० बारपर्यंत जातो, चालू इंजिनात गळती हाताने चाचपायची नाही. ती धार कातडीत शिरते आणि वरून फक्त सुईएवढं छिद्र दिसतं.

*

इलेक्ट्रिक गाडीला काहीच करावं लागत नाही असं ऐकून मी ती घेतली आणि मग हात शिवशिवायला लागले. नारिंगी, म्हणजे उच्च व्होल्टच्या, तारांच्या जवळपासही जात नाही. पण टायर, केबिन फिल्टर, ब्रेक फ्लुइड, वायपर आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी तिलाही आहेतच. ब्रेक तर वेगळ्याच तऱ्हेने खराब होतात: मोटरच गाडी थांबवते, पॅड क्वचित लागतात, आणि न वापरल्यामुळे डिस्क गंजते, पिना जाम होतात. वरच्या ब्रेकवाल्या काकांचं ग्रीस इथेही लागतं.

*

गंजलेल्या बोल्टचं काय करता? सायलेन्सरचा एक तसूभर हलत नाहीये, डोकंही गोल व्हायला लागलंय.

*

आधी तारेच्या ब्रशने आटे घासा, पेनिट्रेटिंग ऑइल मारा आणि रात्रभर सोडून द्या. बारा कोनांचा बॉक्स बाजूला ठेवा, सहा कोनांचा घ्या आणि तो हातोडीने ठोकून पूर्ण बसवा. सोडवण्याआधी किंचित घट्ट करायचा प्रयत्न करा, गंजाची पकड तिथे तुटते. हलला की एकदम सोडवत सुटू नका. चतकोर बाहेर, थोडा आत, परत ऑइल. तरीही हटला नाही तर नटला उष्णता द्या, पण ऑइल आधी पुसून, आणि पेट्रोलची नळी किंवा रबर जवळ नाही ना हे बघून. डोकं तुटलंच तर बरोबर मधे पंच मारून उलट्या फिरकीचं ड्रिल लावा. पुष्कळदा भोक पडता पडताच बोल्ट फिरून बाहेर येतो.