जुन्या गाडीला एलईडी बल्ब लावले तर पाप झालं का?

उमरेडरोड

घरी २००९ ची छोटी पेट्रोल गाडी. शेती उमरेडच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापासून नऊ किलोमीटर आत. आठवड्यातून दोनदा तरी रात्री परत येणं होतं. डिपरवर, म्हणजे खाली वळवलेल्या जवळच्या झोतावर, रस्ता म्हणजे अंदाजपंचे. मागच्या पंधरवड्यात कापसाने भरलेली एक ट्रॉली उभी होती, मागे ना दिवा ना रेडियम. गाडी थांबली तेव्हा बोनेट आणि कापूस यांच्यात दोन हातांचं अंतर राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाविसशेची एलईडी जोडी आणली. जुन्या एच-४ बल्बचा कपलर (वायरचं सॉकेट) काढला, तोच नव्याला लावला, वीस मिनिटांत काम झालं. आता रस्ता दुधासारखा दिसतो. काल हे पार्किंगमध्ये सांगितलं तर शेजारचे म्हणाले, "तुमच्यासारख्यांमुळेच माणसं मरतात." नव्या गाड्या कंपनीतूनच एलईडी घेऊन येतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही. मग पंधरा वर्षं जुनी गाडी चालवणाऱ्याने आंधळ्यासारखंच चालवायचं का? माझ्या मते एलईडी लावणं चूक नाही. पटत नसेल तर कारण सांगा, शिव्या नकोत.

पोट्टा_सदरचा

हाव ना भाऊ. कायले घाबरता एवढं? रातच्याले समृद्धीवर पहा, किती ट्रकवाले कपाळावर एलईडीची पट्टी लावून पळून राहिले. त्यांले कोणी अडवत नाही अन् आपण एक बल्ब बदलला तर सारे शहाणे जमा. मी तीन वर्षांपासून लावून आहो. समोरच्याले त्रास होत असता तर त्यानं डिपर मारला असता.

जुनापाना

तो मारतो. तुला वाटतं रामराम करतोय.

थोडं लांबलचक लिहितो, कारण हा घोळ बल्ब हातात घेतल्याशिवाय कळत नाही. घरात जुना एच-४ पडला असेल तर उजेडात धरून पाहा. आत दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजळणाऱ्या तारा, दिसतील. पुढचं डिपरचं, त्याच्याखाली नखाएवढी पत्र्याची वाटी असते. फिलामेंटचा खाली जाणारा उजेड ती वाटी अडवते. त्यामुळे डिपरवर रिफ्लेक्टरचा वरचाच भाग काम करतो, आणि वरच्या भागावर आपटलेला उजेड खाली रस्त्यावर पडतो. मागचं फिलामेंट अप्परचं, म्हणजे लांबच्या झोताचं, त्याला वाटी नाही, म्हणून तो उजेड सरळ लांब जातो. पूर्ण दिव्याची आखणी त्या दोन तारांच्या जागेवर बेतलेली असते.

एलईडीत तार नाही. एका चपट्या पट्टीच्या दोन्ही अंगांना चिप असतात. पट्टीची जाडी, चिपची लांबी, वाटीची नक्कल, यातलं काहीही जरा इकडचं तिकडे झालं की उजेड रिफ्लेक्टरच्या नको त्या भागावर पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. नव्या गाड्यांचं म्हणाल, तर त्यांचा आख्खा दिवाच एलईडीसाठी बनवलेला असतो. तुम्ही नुसता बल्ब बदललाय.

उमरेडरोड

हे मला माहीत नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण मला आधीपेक्षा जास्त दिसतं, त्याचं काय?

जुनापाना

कुठे दिसतं? बोनेटपुढचे पंधरा-वीस मीटर झकपक होतात. जवळचा रस्ता उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतं. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तरी तेहेतीस मीटर संपले, गाडी अजून थांबायला लागलेलीही नाही. तुम्हाला उजेड लांब हवाय, जवळ नाही.

बुटीबोरी_सेकंड_शिफ्ट

मी मोटरसायकलवाला. शिफ्ट सुटल्यावर रात्री बाराच्या पुढे घरी निघतो. वर्धा रोडला दुभाजक आहे म्हणून निभावतं, पण घराकडे वळलो की साधा रस्ता. समोरून हे पांढरे दिवे आले की हेल्मेटच्या काचेवरच्या प्रत्येक ओरखड्याला एकेक चांदणी फुटते. गाडी निघून गेल्यावर तीन-चार सेकंद डांबर आणि खड्डा यातला फरक कळत नाही. आषाढात ओल्या रस्त्यावर तर विचारू नका. उमरेडरोड भाऊ, तुमच्या त्या नऊ किलोमीटरवर समोरून येणारा माझ्यासारखाच कोणीतरी असेल, आणि बहुतेक तुमच्याच गावचा.

पोट्टा_सदरचा

मग काच बदल ना बे हेल्मेटची.

बुटीबोरी_सेकंड_शिफ्ट

बदलतो. तू बल्ब बदल.

कायदाबियदा

दोन्हीकडून बोलतो. एलईडी बल्ब सरसकट वाईट, हे खरं नाही. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्ब हॅलोजनच्या, म्हणजे जुन्या तारवाल्या बल्बच्या, जागी लावायला अधिकृत परवानगी आहे. म्हणजे तंत्र जमू शकतं. पण तिथे परवानगी ठरावीक बल्बला, ठरावीक मॉडेलच्या ठरावीक दिव्यासाठी मिळते, तपासणी करून. बाजारातून उचलली जोडी आणि बसवली, असं नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ ला जी दुरुस्ती झाली, त्यात कलम १८२-अ (४) आहे: नियमात न बसणारा बदल गाडीत केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय दिव्याचा झोत खाली वळवलेला हवा, समोरच्याला दिपवता कामा नये, हा नियम कुठलाही बल्ब असला तरी लागूच. पूर्वी दिव्याच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग फासायचे, ते आठवतं का कोणाला?

आणि समृद्धीचं उदाहरण इथे चालत नाही. ७०१ किलोमीटर, मध्ये रुंद दुभाजक, समोरून बैलबंडी येत नाही. फाट्याच्या आतल्या रस्त्यावर बंडी येते, रोही (नीलगाय) येतो, रानडुक्कर येतं.

शंकरनगर_आजी

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायच्या आधी समोरून दिवा आला की सगळी काच पांढरी व्हायची. मी रात्री गाडी चालवणं सोडलं, पण माझ्या वयाचे सगळेच सोडत नाहीत. वय झालं की दिपलेला डोळा सावरायला वेळ लागतो, एवढंच सांगायचं होतं.

जुनापाना

उमरेडरोड, आता कामाचं. आधी दिव्याची काच पाहा. प्लास्टिकची असेल आणि पिवळी पडली असेल, तर आतला बल्ब कुठलाही लावा, उजेड फाकतोच. नागपूरच्या उन्हात पंधरा वर्षं काढल्यावर ती पिवळी पडणारच. वडिलांच्या पद्मिनीला गोल काचेचे दिवे होते, त्यांना हे दुखणं नव्हतं. हजार, मग दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा, पॉलिश करा, वरून ऊन सोसणारं कोटिंग मारा, नाहीतर वर्षभरात परत पिवळी.

दुसरं, मल्टिमीटर आणा. इंजिन चालू, दिवे चालू, हॅलोजन लावलेला. आधी बॅटरीवर व्होल्टेज मोजा, मग बल्बच्या कपलरवर.

तिसरं, रात्री भिंतीसमोर गाडी उभी करा, पंचवीस फुटांवर. बल्बच्या उंचीवर भिंतीला चिकटपट्टी लावा. डिपरचा उजेड पट्टीच्या जरा खाली रेघ मारल्यासारखा कापला गेला पाहिजे. आपण डावीकडून चालवतो, म्हणून रेघ डावीकडे वर चढते, उजवीकडे सपाट राहते. उजवीकडून समोरचा येतो ना.

उमरेडरोड

केलं. सोसायटीच्या मागच्या भिंतीवर, रात्री साडेनऊला. वॉचमन विचारत होता, सिनेमा दाखवता का.

आधी एलईडी. पट्टीखाली उजेड भरपूर, पण रेघ कुठेच नाही. पट्टीच्या वरही कमरेएवढ्या उंचीपर्यंत दोन पांढरे ढग, उजव्या बाजूला जास्त. मी स्वतः पंचवीस फुटांवर जाऊन वाकलो, समोरच्या गाडीत बसल्यावर डोळे जिथे येतील तिथे, आणि दोन मिनिटं डोळ्यांपुढे हिरवे ठिपके नाचत होते. मग हॅलोजन परत लावला. उजेड मिणमिणता, पिवळट, पण रेघ सुरीने कापल्यासारखी, डावीकडे चढलेली. पंधरा वर्षांच्या दिव्यात!

आता मल्टिमीटर. बॅटरीवर १३.८ व्होल्ट. कपलरवर ११.९.

जुनापाना

हे घ्या, चोर सापडला. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने होतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीस टक्के जातो. तुमचं जवळजवळ चौदा टक्के पडलंय, म्हणजे चाळीसेक टक्के उजेड जुनी वायर, स्विच आणि गंजलेलं अर्थिंग खातंय. रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, टाका, बॅटरीपासून फ्यूजसकट जाड वायर थेट आणा, अर्थिंग घासून घ्या. बल्ब ६०/५५ वॉटचाच (अप्पर ६०, डिपर ५५) ठेवा. ते १००/९० वाले लावू नका, होल्डर वितळतो.

पोट्टा_सदरचा

काका, एवढ्या भानगडीत माणूस गाडीच इकून टाकीन.

उमरेडरोड

रिले किट, वायर, मजुरी धरून अकराशे लागले, एलईडीच्या निम्मे. काच रविवारी मीच घासली, खांदा धरला. आता कपलरवर १३.५ येतात. परवा रात्री शेतावरून आलो. दुधासारखा नाही दिसत रस्ता, पण फाट्याच्या आधी बाभळीखाली उभा असलेला रोही पुरेसा लांबून दिसला.

तरी माझं म्हणणं अर्धं कायम आहे. जर्मनीसारखी तपासून यादी इथे निघाली आणि माझं मॉडेल तीत असलं, तर मी एलईडी लावणार. तोवर ती जोडी डब्यात. पोट्ट्या, तुला हवी असेल तर नाही देणार.

पोट्टा_सदरचा

नको. माझ्याजवळ आहे. पण भिंतीवर पाहतो आज रातच्याले. नुसतं पाहतो.