कराडजवळ घर आहे: सोलर घ्यायचं ठरलंय, पण बॅटरीसाठी वरचे १ लाख ६५ हजार घालावेत का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. कराडच्या बाहेर आमचं स्वतःचं घर आहे. वर मोकळी गच्ची, दक्षिणेला झाड नाही. घरात आई-बाबा, आम्ही दोघं आणि लेक. वर्षभराची बिलं काढून बसलो तर महिन्याला सरासरी २६० युनिट निघाले. एप्रिल-मेमध्ये ३५० च्या पुढे, थंडीत दोनशेच्या आत.

कोटेशन असं आहे: ३ किलोवॉट ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाईनला जोडलेलं, १ लाख ९५ हजार (सबसिडी धरलेली नाही). तेच हायब्रिड (लाईन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर आणि ५ युनिटच्या लिथियम बॅटरीसकट ३ लाख ६० हजार. सोलरवाला म्हणतो, "साहेब, एकदाच करून टाका, बॅटरीनं बिल झीरो." बाबांचं म्हणणं, सोलर आल्यावर लाईट जाण्याचा प्रश्नच कुठे उरतो? आमच्याकडे पावसाळ्यात संध्याकाळी तास-दोन तास जाते, एरवी अधूनमधून. कुणी वापरत असेल तर खरं काय ते सांगा.

सांगलीचा वायरमन
बाबांना आधी हे सांगा: ऑनग्रिड सोलर असलं तरी लाईट गेली की घरातली जाणारच. भर दुपारी, छतावर लख्ख ऊन असताना जाणार. खांबावर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या गच्चीवरचा करंट बसू नये म्हणून लाईन मेली की सोलरचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. हे न सांगता सोलर विकणारे ढीगभर आहेत, आणि मग गिऱ्हाईक आम्हाला फोन करून शिव्या घालतं.

दुसरं, बॅटरीनं बिल झीरो वगैरे काही होत नाही. नेट मीटरिंगमध्ये दुपारचं जादा युनिट लाईनला जातं आणि रात्री घेतलेल्या युनिटातून वजा होतं. साठवण तुम्हाला आयती मिळतेय. बॅटरीत घालून परत काढताना उलट थोडी वीज वायाच जाते. आणि स्थिर आकार तर एकही युनिट न वापरता द्यावाच लागतो, त्यामुळे "झीरो" हा शब्द ऐकला की समोरच्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

हिशेबी
बॅटरी बाजूला ठेवा, मला तुमचं ३ किलोवॉटच खटकतंय.

आपल्याकडे १ किलोवॉटला वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिटच्या आतबाहेर मिळतात. म्हणजे ३ किलोवॉटचे वर्षाला चार हजारांच्या आसपास. तुमचा वापर ३,१२० युनिट. उन्हाळ्यातलं जादा युनिट पावसाळ्यात कामाला येतं हे खरं, पण युनिटांचं हे खातं ३१ मार्चला बंद होतं. तोवर उरलेल्या युनिटांचे पैसे मिळतात, पण तुम्ही ज्या दरानं वीज विकत घेता त्याच्या मानानं चिल्लर.

आता २ किलोवॉट धरा. वर्षाला २,७०० च्या आसपास. लाईनवरून घ्यायचे राहिले महिन्याला सरासरी ३५, आणि ते पहिल्या शंभराच्या स्वस्त टप्प्यातले. सोलर तुमच्या बिलाचा वरचा, महाग थर आधी खातं, गंमत इथे आहे. शंभरच्या पुढचं युनिट पहिल्या शंभरातल्या युनिटाच्या जवळजवळ दुप्पट दरानं पडतं, वर १६ टक्के वीज शुल्क. माझ्या ढोबळ हिशेबानं २ किलोवॉटनं महिन्याला अडीच हजाराच्या आसपास वाचतील. तिसरा किलोवॉट घातला तर त्यावर फार तर तीनशे-चारशेची भर.

सबसिडी प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, आणि ७८ हजारांवर थांबते. विक्रेते सगळ्यांना ३ च का सुचवतात ते यातच आलं. २ किलोवॉट १ लाख ३५ च्या घरात बसलं तर ६० हजार जाऊन तुमच्या खिशातून ७५. तीन वर्षांच्या आत वसूल. तिसरा किलोवॉट एकट्यानं वसूल व्हायला नऊ ते बारा वर्षं घेईल.

गच्चीवरची चहावाली
हिशेबी, गणित बरोबर आहे पण ते आजच्या वापराचं आहे. आमच्या घरी सोलर आलं आणि सहा महिन्यांत गॅसच्या जोडीला इंडक्शन आलं, मग इलेक्ट्रिक स्कूटर. "आता काय, सोलरच आहे" म्हणत सासूबाईंनी गीझरचं बटण बंद करणं सोडलं. कृष्णाकाठ, दोन वर्षांत एसी किंवा स्कूटर नक्की घेणार असाल तर ३ च घ्या. नाहीतर २.

हिशेबी
ताई, हे मान्य. गीझरचं तर शंभर टक्के मान्य.

दापोलीची सून
सगळे बॅटरीला मोडीत काढतायत म्हणून लिहिते. आमच्याकडे सासऱ्यांना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. साडेतीनशे वॉटच्या आसपास खातो. ५ युनिटची लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर रात्र निघते. इथे पैसे वसूल कधी होणार हा प्रश्नच विचारला नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा या पट्ट्यातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. त्या आठवणीनंतर घरात कुणी खर्चावरून वाद घातला नाही.

घ्यायचीच असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, आणि जिन्याखाली सावलीत, हवा खेळेल अशी बसवा. पत्र्याखाली उन्हात ठेवली तर आयुष्य निम्मं होईल असं आमच्या फिटरनं दम देऊन सांगितलं होतं. सबसिडीत मात्र बॅटरीला काही मिळत नाही. आणि कोकणातल्यांनी स्ट्रक्चरचं लोखंड हॉट डिप गॅल्व्हनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) मागायचं, खारा वारा साधा रंग ठेवत नाही. वानरांवर अजून उपाय सापडलेला नाही. टोळी आली की पॅनेलवर घसरगुंडी खेळते.

मेलबर्नचा पाटील
इथलं गणित नेमकं उलटं आहे म्हणून सांगतो. आमच्याकडे दिवसा लाईनला दिलेल्या विजेला जवळपास काही मिळत नाही आणि संध्याकाळचं युनिट महाग. त्यामुळे बॅटरी पैशांतच परवडते. त्यात १ जुलै २०२५ पासून केंद्र सरकारनं बॅटरीवर साधारण ३० टक्के सवलत सुरू केली. यूट्यूबवर ऑस्ट्रेलियाचे व्हिडिओ बघून कराडात बॅटरी घेऊ नका. तिकडे नेट मीटरिंगचा नियम बदलला तर मात्र गणित पुन्हा मांडा.

कृष्णाकाठ
बरीच धूळ उडाली डोक्यातली. आमच्याकडे सुदैवानं तसं आजारपण नाही. पंखे, दिवे, वायफाय आणि बाबांच्या बातम्या चालल्या की झालं. मग पर्याय काय?

सांगलीचा वायरमन
साधा घरगुती इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी, पंचवीस हजारांच्या आत. लेबलवर ती १,८०० वॉट-तासाची दिसते, पण आयुष्य टिकवायचं तर हजार-बाराशेच धरा. जुने पंखे पाऊणशे वॉट ओढतात, कमी वीज खाणारे नवे बीएलडीसी पंखे तीसच्या आसपास. आधी चार पंखे बदला. मग पंखे, दिवे, राउटर आणि टीव्ही मिळून अडीचशे वॉटच्या आत बसेल, चार तास आरामात. लाखाच्या वर वाचले.

फक्त एक जोडणी नीट बघा: सोलरची जोडणी मीटरच्या बाजूला, घरगुती इन्व्हर्टर त्याच्या पुढे, निवडक पॉइंटवर. इन्व्हर्टरच्या आउटपुटवर सोलर जोडलं तर लाईट गेल्यावर इन्व्हर्टरलाच ग्रिड समजून सोलर चालू होऊ शकतं आणि उलटा करंट मारतं. असे जळालेले इन्व्हर्टर मी बघितलेत. अर्थिंग आणि वीजरोधक (आकाशातल्या विजेपासून वाचवणारा) कोटेशनमध्ये वेगळे लिहून घ्या, "त्यातच आलं" चालणार नाही.

कारखाना जवळ असेल तर गाळपाच्या दिवसांत पॅनेलवर काळी राख बसते. सकाळी थंड असताना मऊ पोछ्यानं धुवा. बोअरचं जड पाणी वापरलंत तर पांढरे डाग पडतील ते वेगळेच. त्यासाठी गच्चीवर नळ आत्ताच काढून घ्या.

गच्चीवरची चहावाली
आणि स्ट्रक्चर डोक्यावरून जाईल एवढं उंच घ्या. थोडे पैसे जास्त पडतात, पण वाळवणाला, कपड्यांना गच्ची उरते. पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते ते डिसेंबरच्या हिशेबानं बघायला सांगा, तेव्हा सूर्य खाली असतो.

हिशेबी
कोटेशन जुनं असेल तर नवं मागा. सप्टेंबर २०२५ मध्ये पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. काहीजण अजून जुन्याच आकड्यावर बसलेत. सबसिडीसाठी पॅनेल भारतीय सेलचे, म्हणजे डीसीआर लागतात. तो शब्द कोटेशनमध्ये हवा. आणि वीजबिल कुणाच्या नावावर आहे?

कृष्णाकाठ
आजोबांच्या. ते जाऊन बरीच वर्षं झाली.

हिशेबी
मग सोलरवाल्याला थांबवा. अर्ज आणि सबसिडीचं बँक खातं ग्राहकाच्या नावानं चालतं. आधी महावितरणकडे बिल बाबांच्या नावावर करून घ्या, नवीन नावाचं एक बिल हातात येऊ द्या, मगच ॲडव्हान्स द्या.

कृष्णाकाठ
सोमवारी बाबांना घेऊन जातो. २ किलोवॉटचं नवं कोटेशन आलं की इथेच टाकतो.